भवानीची काडेपेटी

आमच्या स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा खण काडेपेट्यांनी भरलेला आहे. गॅस लायटरनं पेटतो. देवापुढच्या दिव्याला एक पेटी महिनाभर पुरते. तरी खण भरलेला. सून एकदा म्हणाली, "आई, आपण काडेपेट्यांचं दुकान टाकायचं का?" मी हसले. पण तो खण उघडायची वेळ आली की मी काहीतरी निमित्त काढून तिलाच उघडायला लावते. एवढ्या पेट्या मी कामून घेतल्या, हे सांगायचं तर आधी पाथरीच्या वाण्याचं सांगायला पाहिजे.

आमचं सगळं आयुष्य पाथरीत गेलं. नवरा तिथल्या एका कचेरीत होता. तो ऐन उमेदीत गेला, त्याच्या जागी मला नोकरी लागली, आणि पोराला वाढवत मी तिथंच रिटायर झाले. आमच्या गल्लीतला वाणी माणूस म्हणून चांगला. कधी खडे घातलेली डाळ दिली नाही, कधी वाकडा शब्द बोलला नाही. फक्त सकाळी सकाळी, त्यानं नुकती उदबत्ती लावलेली असताना मी गेले, की त्याला अचानक कामं सुचायची. स्वच्छ तराजू पुन्हा पुसायचा. बरण्या इकडच्या तिकडं करायचा. "जरा थांबा बाई, आलोच," म्हणायचा आणि येतच नसायचा. मला वाटायचं, म्हातारा झाला, हात चालत नाही. मग एक दिवस माझ्यामागून शेजारची आली, भरल्या कपाळाची, आणि तिला चहाची पुडी कशी पटकन मिळाली ते मी बघितलं. तिचा पैसा गल्ल्यात पडला आणि लगेच म्हातारा माझ्याकडं वळला, "हां बाई, बोला."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. पहिला पैसा ज्याच्या हातचा, तसा दिवस जातो म्हणतात. माझ्या हातची त्याला नको होती. तो बोलला नाही, मीही विचारलं नाही. मी कानाला खडा लावला आणि त्या दिवसापासून सुट्टीच्या दिवशीसुद्धा उन्हं चढल्यावरच दुकानात गेले. पुढं पुढं त्याची इतकी सवय झाली की कामून उशिरा जाते, हेही विसरून गेले. सुनेला वाटायचं, सासूला सकाळी बाहेर पडायचा कंटाळा आहे. मीही तसंच वाटू दिलं.

मुलाची बदली परभणीला झाली आणि आम्ही विद्यापीठाच्या पलीकडं, नव्या वस्तीत घर घेतलं. निम्मे प्लॉट रिकामे, त्यात गाजरगवत माजलेलं. नवीन जागी गेलं की बाईमाणसाला पहिली काळजी किराण्याची. दळण कुठं, भाजी कुठं, डाळ-तांदूळ कुणाकडून. वस्तीत तीन ठिकाणं होती. कोपऱ्यावर एक दुकान, तिथला मालक मोबाईलमधून मान वर करत नसे. मोठ्या रस्त्यावर नुकतंच उघडलेलं भलंमोठं मार्ट, थंड हवेचं, ढकलगाड्यांचं. आणि आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, घराची पुढची खोली काढून थाटलेलं एक जुन्या पद्धतीचं दुकान. ते चालवणाऱ्या बाईला सगळी वस्ती मामी म्हणायची. माझ्यापेक्षा वयानं लहान, पण मीही मामीच म्हणू लागले. दुकानाच्या नात्याला वय नसतं.

कुठं जायचं ते आम्ही ठरवलंच नाही. काडेपेटीनं ठरवलं.

सामान उतरवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या घरात दूध ऊतू घालवायचं होतं. लायटर कुठल्या खोक्यात गेला होता देव जाणे. सून म्हणाली, "आई, गल्लीच्या तोंडाशी दुकान उघडलंय, तेवढी काडेपेटी आणता का?" मी म्हटलं, "इतक्या सकाळी?" ती म्हणाली, "अहो, दूध आत्ता ऊतू घालवायचंय. दुपारी काय उपयोग?" बरोबरच होतं तिचं. गेले.

मामी उंबऱ्यावर रांगोळी घालून नुकती उठली होती. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खाली ठसठशीत कुंकू, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी. मी जुन्या खोडीनं पायरीच्या कडेला जाऊन उभी राहिले, दुसरं कुणी गिऱ्हाईक येतंय का बघत. रस्त्यावर काळं कुत्रं नव्हतं.

"या की आक्का. तिकडं कोपऱ्यात कामून उभ्या?"

"तुमची भवानी होऊ द्या," मी तोंडातल्या तोंडात म्हटलं.

"मग करा की तुमीच," ती म्हणाली आणि हात पुढं केला.

मी काडेपेटी मागितली. तिनं माझा पैसा घेतला, तराजूला लावला, दोन्ही डोळ्यांना लावला आणि मग गल्ल्यात टाकला. मी घरी आले, दूध ऊतू गेलं, सगळ्यांनी हात जोडले. माझं ध्यान मात्र दुधात नव्हतं. आता मामीचा दिवस खराब गेला तर काय, ही एकच धास्ती.

संध्याकाळी मी भाजी घेऊन परत येत होते, तेव्हा मामीनं मला लांबूनच हाक मारली. मी म्हटलं, संपलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तर ही बाई दुकानातून उतरून रस्त्यावर आली. पलीकडं मोठं बांधकाम चाललं होतं, तिथला स्वयंपाकी दुपारी येऊन मजुरांचा सगळा शिधा घेऊन गेला होता. पाठोपाठ एका घरी बारसं निघालं, त्यांनी गूळ-खोबरं-सुपारी सगळं हिच्याकडून उचललं. "आक्का, लय दिसांत आसा धंदा न्हवता झाला," ती म्हणाली. "हात लाभला बगा तुमचा. उद्या सकाळी बी या. काडीपेटीच न्या."

मी टिकली लावते. काळी, बारीक. नोकरीत होते तेव्हापासून लावते. हिचा काही घोटाळा झाला असणार, असं मला वाटलं. गप्प बसावं असंही वाटलं, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी गेले ते आधी सांगून मोकळी झाले. "मामी, माझे मालक नाहीत. पोरगं शाळेत जायच्या आधीच गेले. तुम्ही दुसऱ्या कुणाच्या हातची भवानी करा."

ती गव्हाच्या पोत्याचं तोंड उलगडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं, मग?"

"मग काय? चालत नाही ना."

"कुनी सांगितलं? आमच्यात सुतक न्हाई, विटाळ न्हाई. आन् मला एक सांगा आक्का, हात लाभतो तो काय हाताला कुंकू लावल्यानं लाभतो का?"

माझ्या जिभेला हाड नाहीच. म्हटलं, "सुतक मानत नाही आणि भवानी तेवढी मानता?"

"सुतक देवाचं. भवानी धंद्याची. दोनाचा काय संबंध?" ती म्हणाली आणि हात पुढं केला.

मला रडू बिडू आलं नाही. लग्नाकार्यात आपणहून मागच्या खुर्चीवर बसायची, हळदीकुंकवाचं ताट समोरून पुढं जाताना फोन बघितल्यासारखं करायची, सुनेच्या ओटीभरणाला स्वयंपाकघरात वाढायला थांबायची, ह्या सगळ्याची मला सवय होती. मला कुणी वाईट बोलत नसे. फक्त कुठल्याही गोष्टीची सुरुवात माझ्यापासून होत नसे. आणि इथं एक बाई अख्खं दुकान थांबवून माझी वाट बघत होती. खरं सांगते, मला त्याचा लय अभिमान वाटला. साडी नीट नेसून जायला लागले.

मग ते रोजचंच झालं. पहिल्या दिवशी काडेपेटी लाभली म्हणून रोज काडेपेटीच. मी आजारी असले तर ती मुलाच्या हातून घेत नसे, आपल्या नवऱ्याला आमच्या दारात पाठवायची आणि माझ्या हातचा पैसा घेऊन काडेपेटी देऊन तो जायचा. त्याला डोळ्यानं कमी दिसायचं, तरी यायचा बिचारा, भिंतीला हात लावत. शाळेची पोरं पेन्सिलीला आली तर मामी त्यांना सांगायची, "थांबा रे, आक्का यायल्यात." एकदा पोरांची गाडी येऊन भोंगा वाजवायला लागली तरी ती हलली नाही. मी धापा टाकत पोचले तर पोरं माझ्याकडं अशी बघत होती की बस्स. मला वाईट वाटलं आणि आतून गुदगुल्याही झाल्या. दोन्ही झालं, लपवून काय करू.

आता कुणी विचारील, मग महिन्याचा किराणा? तिथंच तर गोम आहे.

महिन्याचा किराणा मार्टमधून येत होता. मुलाचा पगार झाला की तो गाडी काढायचा, सून यादी करायची, आणि मी मागं बसायची. सुनेचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तिथं एकावर एक फुकट, तेल स्वस्त, सगळं एका छताखाली. "आणि मामींकडं तुम्ही रोज जाताच की," ती म्हणायची. मी ठणकावून सांगू शकत होते, की नाही, डाळ-तांदूळ गल्लीतूनच आणायचे. घरात माझा शब्द चालतो. मी तो टाकला नाही, कारण मला मार्ट आवडायचं. हे मी आजपर्यंत कुणाला बोलले नाही. ती थंड हवा आवडायची. आपल्या हातानं उचलायचं, न आवडलं तर परत ठेवायचं, कुणाला विचारायचं नाही. मिरची पावडरच्या दहा तऱ्हा उगीच उभं राहून वाचायच्या. पाथरीत जन्मभर वाण्यापुढं थांबत आले, इथं वाणीच नव्हता. इथं पहिलं कोण आणि शेवटचं कोण, कुणी बघत नव्हतं.

येताना मात्र माझी चोरी. गल्लीच्या तोंडाशी मामीचं दुकान, आमची गाडी तिच्या पुढ्यातूनच जाणार. मी मुलाला म्हणायची, मागच्या रस्त्यानं घे. तो म्हणायचा, "आई, तिकडं खड्डे आहेत." मी म्हणायची, असू दे खड्डे. पिशव्यांवर मी गाडीत ठेवलेली जुनी चादर टाकायची. सून एकदा म्हणाली, "आपण काय चोरून आणलंय का?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्रीची साडी नेसून, तिथून आणलेल्या चहापत्तीचा चहा पिऊन, मामीकडं काडेपेटी घ्यायला हजर.

हळूहळू तिच्या दुकानाची रया गेली. आधी मला कळलं नाही. फळ्या भरलेल्या दिसायच्या. मग एकदा ती आत गेली असताना मी साबणाचं खोकं सहज सरकवलं, तर ते रिकामं. त्याच्या शेजारचंही रिकामं. दर्शनी ओळ खोक्यांची, मागं भिंत. बांधकाम पुरं होऊन मजूर गेले होते, आणि वस्तीतली सगळी घरं पगार झाला की आमच्यासारखीच गाडी काढत होती. ती माणसं मला मार्टमध्ये दिसायची ना. अर्धी गल्ली तिथं भेटायची. आम्ही एकमेकींच्या ढकलगाडीत डोकवायचो, हसायचो, मामीचं नाव कुणी काढायचं नाही.

"आक्का, भवानी तर झ्याक होते," मामी म्हणायची, "पन दुपार कोरडी जायली. तुमच्या हाताचा दोष न्हाई. माझंच कुटं तरी चुकायलंय."

ती कुठं चुकलं ते शोधायला लागली. त्यांच्या स्वामींना बोलावून तिनं दुकान दाखवलं. त्यांनी गल्ला उत्तरेला करा म्हटलं, तिनं केला. त्यासाठी तराजू हलवावा लागला, मग माल द्यायला तिला दर वेळी वळसा पडायला लागला. उंबऱ्याला लिंबू-मिरची आली. झाडू उभा ठेवायचा नाही, आडवा ठेवायचा, असं कुणीसं सांगितलं, तेही केलं. मी पुढ्यातल्या स्टुलावर बसून हे सगळं बघायची. कारण तर तिच्या समोर बसलेलं होतं, हातात काडेपेटी घेऊन. तेवढं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणायची, "बघा, गल्ला इकडं केल्यावर उजेड चांगला येतो."

मग एक दिवस तिनं सांगितलं की मालक म्हणतात, दुकान वाढवून टाकू. वाढवून म्हणजे बंद, आपल्यात दुकानाला बंद म्हणत नाहीत. खोली मोबाईलवाल्याला भाड्यानं द्यायची आणि घरात बसायचं. "मी म्हनलं, पाडव्यापर्यंत थांबा. आक्काचा हात हाय. पाडव्याला पूजा करू, भवानी करू, तवा बगू. न्हाई झालं तर वाढवू." आणि माझ्या हातावर हात ठेवून हसली. मला माझा हात काढून घ्यावासा वाटला.

त्या महिन्यात मी घरी सांगून टाकलं, ह्या वेळी किराणा मामीकडूनच. सून यादी घेऊन स्वतः गेली. परत आली ती निम्म्या पिशवीनं. मामीकडं जिन्नसच नव्हते. खपत नाही म्हणून ती मोंढ्याच्या ठोक बाजारातून माल आणत नव्हती, आणि माल नाही म्हणून कुणी येत नव्हतं. उरलेल्या यादीसाठी मुलानं पुन्हा गाडी काढली. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, राहू दे, मामींना सांगू, त्या मागवून देतील. मी चप्पल घातली आणि सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसले.

पाडवा जवळ आलेला, म्हणून मार्टमध्ये ही गर्दी. आम्ही डाळींपाशी होतो. यादी अर्धीच होती, पण ढकलगाडी शिगोशीग भरलेली, तिथं यादीप्रमाणं कोण घेतं. मी शेंगदाण्याचं पाकीट उलटसुलट करत होते आणि समोरून मामी आली.

तिच्या हातात प्लास्टिकची टोपली होती. चपला तिनं दारात काढून ठेवल्या होत्या, गार फरशीवर अनवाणी चालत होती. टोपलीत तेलाच्या पिशव्या आणि साबणाच्या वड्या. मोंढ्यापेक्षा इथं स्वस्त पडतं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. पाडव्याला फळ्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून ती आपल्या दुकानासाठी माल न्यायला आली होती.

तिनं मला बघितलं. मग माझी ढकलगाडी बघितली. वरपासून खालपर्यंत, सावकाश. तूरडाळ, साखर, पोहे, तिखट, चहापत्ती. तिच्याकडं जे जे मिळतं ते सगळं त्यात होतं. एक काडेपेटी तेवढी नव्हती.

"सूनबाईनं ओढून आणलं," मी म्हटलं.

सून माझ्या मागंच उभी होती, तेलाचा डबा घेऊन. तिनं ऐकलं. तिनं डबा गाडीत ठेवला आणि मामींना नमस्कार केला.

मामी रागावली असती तर बरं झालं असतं. टोमणा मारला असता, तोंड फिरवून गेली असती, मी दोन दिवस रडले असते आणि विषय संपला असता. पण तिच्या चेहऱ्यावर काही वेगळंच आलं. तिनं आजूबाजूला बघितलं. ही गर्दी, पैसे द्यायच्या रांगा, भरभरून चाललेल्या गाड्या. मग माझ्या हाताकडं बघितलं, गाडीच्या दांडीवर होता तो. आणि हरवलेली किल्ली सापडावी तशी ती म्हणाली, "आसं हाय व्हय. तरीच मी म्हनते, हात तर लाभायलाय, मग बरकत जायली कुटं. हितं लागायलाय की तुमचा हात."

टोमणा नव्हता तो. एवढ्या दिवसांत माणसाची जबान ओळखता येते. ती मनापासून बोलत होती. तिला कारण सापडलं होतं. गल्ल्याची दिशा नव्हती, झाडू नव्हता, तिची काही चूक नव्हती. तिला केवढं हलकं वाटलं ते मला दिसत होतं. "येते आक्का," म्हणाली आणि टोपली घेऊन रांगेत जाऊन उभी राहिली, अनवाणीच.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते माझं असं झालं.

घरी आल्यावर मी सुनेची माफी मागायला पाहिजे होती. मी तिला आलं घालून चहा करून दिला. ती प्याली आणि म्हणाली, "माझं नाव घेतलंत ते ठीक आहे आई. पण पटलं नाही त्यांना." मी म्हटलं, "हो."

दुसऱ्या दिवशी मी रोजच्यापेक्षा लवकर उठले. मामीला काय सांगायचं ते पाठच करून ठेवलं होतं. मामी, तिथली गर्दी माझ्या हातामुळं नाही. ते स्वस्त देतात, त्यांचा माल ट्रकनं येतो, पेपरात जाहिराती येतात. माझ्या हातात काही नाही हो. हे सगळं मनात घोळवत मी पायरीपर्यंत गेले आणि तिथंच थांबले. तिथली बरकत माझ्या हाताची नाही म्हटलं, तर हिच्या दुकानातली त्या पहिल्या दिवसाचीही नव्हती. तो स्वयंपाकी येणारच होता. ते बारसं व्हायचंच होतं. म्हणजे तिनं माझ्या हाताला दिलेला मान मीच माझ्या तोंडानं खोटा ठरवायचा. तिच्यासाठी तेवढं करायला पाहिजे होतं. तिला खरं कारण कळलं असतं, तिनं पुढचं काही ठरवलं असतं. पण माझ्यानं ते होईना. सगळ्या जगात एका माणसाला वाटत होतं की माझा हात लाभतो, आणि ते मला सोडवत नव्हतं.

दुकानातून दूधवाला उतरत होता, बिडीचं बंडल घेऊन.

"या आक्का," मामी म्हणाली.

"भवानी?"

"झाली की. दूधवाल्यानं केली." आवाज नेहमीचाच, मऊ. "तुमाला बी रोज उठून यायचं, उगं तरास. आता सवडीनं येत जावा."

मी पायरीवर उभी. मग मोठ्यानं म्हटलं, "मामी, महिन्याचा सगळा किराणा द्या. जे असेल ते." तिनं वळसा घालून घालून सगळं काढलं. साखर, डाळ, गूळ, मीठ. तराजूची पारडी सरळ होऊ दिली आणि वर एक मूठ जास्त टाकली, सगळ्यांना टाकते तशी. मी म्हटलं, "आणि एक काडेपेटी."

"घरात लय झाल्या आसतील की आक्का," ती म्हणाली.

मी पैसे दिले. तिनं घेतले आणि सरळ गल्ल्यात टाकले. तराजूला नाही, डोळ्याला नाही. गिऱ्हाइकाचे पैसे टाकतात तसे.

पाडव्याला तिनं दारात गुढी उभारली, पूजा केली, आम्हा सगळ्यांना बत्तासे दिले. त्या दिवशीची भवानी समोरच्या घरात नुकत्याच लग्न होऊन आलेल्या मुलीनं केली. दुकान वाढवलं नाही अजून. पुढची निम्मी खोली मोबाईलवाल्याला दिली आहे, निम्म्यात मामी बसते. आमच्या घरात आता मिठापासून मोहरीपर्यंत सगळं तिच्याकडूनच येतं, नसेल ते ती मागवून देते, आणि मुलगा गाडी काढतो ती दुसऱ्याच कामाला. मार्टची पायरी मी त्यानंतर चढले नाही. त्यानं मामीचं काय भलं झालं ते मला माहीत नाही. आमच्या एका घरानं किती होणार.

मी दुकानात जाते ती उन्हं चढल्यावर. मामीनं तसं सांगितलेलं नाही. तिच्याकडं सकाळी कुणी उभं राहिलं तर ती कुणालाही थांबवत नाही, मलाही थांबवणार नाही. परवा सून म्हणाली, "आई, सकाळी गार असतं, तेव्हा जाऊन येत जा की. एवढ्या उन्हाच्या कामून जाता?" मी म्हटलं, "सकाळी मला कामं असतात," आणि पिशवी घेऊन बाहेर पडले.